दूधमाप थांबवण्याचा हुकूम

"कागद एकच, केंद्रं तीन, आणि एक अक्षरही बदलायचं नाही!" दूधसंघाचे चेअरमन आबासाहेब गरजले.

कागद म्हणजे स्क्रिप्ट, संगणकाला द्यायच्या हुकुमांची यादी. तिन्ही केंद्रांवर दुधाच्या मापाचा हिशेब ठेवणारा 'दूधमाप' नावाचा सर्व्हर संगणकात पडद्यामागे चाले. नवे दर भरायला तो रोज दुपारी थांबवावा लागे. इंजिनिअर दामल्यांनी त्यासाठी झोकात स्क्रिप्ट लिहिली आणि मुख्य केंद्रावर ती चाललीही. पण मशीनं तीन तऱ्हेची! खालच्या केंद्रात त्याच हुकुमाचा अर्थ 'सगळ्यांना थांबवा' असा निघाला आणि हजेरीसकट सगळंच निजलं. वरच्या केंद्रात स्क्रिप्टने 'दूधमाप' हे नाव शोधलं. ते तिला स्वतःच्याच नावात सापडलं आणि तिने इमानेइतबारे स्वतःचाच गळा दाबला. सर्व्हर आपला मजेत चालू!

"संध्याकाळच्या मापाआधी जमलं नाही, तर संगणक अडगळीत आणि यमुना पुन्हा बाटल्या धुवायला!" आबासाहेबांनी दम भरला.

यमुना खोत तीन महिन्यांपूर्वीच बाटल्या सोडून ऑपरेटर झाली होती. त्या थंड पाण्याची तिला मुळीच ओढ नव्हती.

"आबासाहेब, जरा बाहेर येता?"

बाहेर दूधवाल्यांची रांग लागत होती. यमुनाने हाक दिली, "सर्जेराव!"

रांगेतले तिघे वळले. आणि मागून आबासाहेबच "ओ!" म्हणाले. सर्जेराव हे त्यांचं खरं नाव; ते घ्यायची वीस वर्षांत कुणाची छाती झाली नव्हती.

"तुम्ही कशाला ओ दिलीत? मला सर्जेराव जगदाळे हवे होते."

"अगं, नाव घेतलंस ना!"

"स्क्रिप्टचं हेच झालं!" मग ती ओरडली, "दोनशे बारा!"

एकटे जगदाळे कॅन घेऊन पुढे आले.

"आपण दूध सभासद नंबरावर घेतो. मशीनही चालू झालेल्या प्रत्येक कामाला नंबर देतं."

"पण तो दर वेळी बदलतो!" दामले म्हणाले.

"म्हणून सुरू करतानाच स्क्रिप्टने तो मशीनमधल्याच एका चिठ्ठीत टिपायचा, साहेब. थांबवताना त्याच नंबराला थांब म्हणायचं आणि चिठ्ठी फाडायची. एवढी भाषा तिन्ही मशीनांना येते."

दामल्यांनी स्क्रिप्ट बदलली. तिन्हीकडे सर्व्हर नव्याने सुरू केला, मग थांबवला. तिन्ही केंद्रांतून फोन आले, "दूधमाप थांबला! बाकी सगळं चालू!"

आबासाहेब सहजासहजी हरणारे नव्हते. "आणि चिठ्ठीत चुकून माझा नंबर आला तर?"

"तुम्हाला थांबवणारी स्क्रिप्ट अजून कुणाला जमलेली नाही, आबासाहेब!"

आबासाहेब पोट धरून हसले आणि हसता हसताच त्यांनी यमुनाच्या कायम नेमणुकीवर सही केली.