कानामागचा हात

एकदा एक वृद्ध गुरुजी आपल्या शिष्याला म्हणाले, "चल, आज कोर्टात जाऊन बसू." शिष्याने दचकून विचारले, "आपला खटला आहे का, गुरुजी?" गुरुजींना ऐकू फारच कमी येई, त्यामुळे हा प्रश्न त्याला पुन्हा ओरडून विचारावा लागला. "लोकांचा आहे," गुरुजी शांतपणे म्हणाले. "आपण नुसतं बसायचं."

ज्याला शेजारचा माणूस ऐकू येत नाही, त्याने सुनावणीला जायचे, म्हणजे कमालच म्हणायची. पण गुरूंपुढे बोलणार कोण? फाटकाशी शिष्याने हवालदाराला दबकत विचारले, "पास लागतो का हो?"

"कसला पास? आजच्या खटल्यांची यादी तिथं भिंतीवर लावलीय. हवं तिथं जा, मागं बसा. मोबाइल तेवढा बंद ठेवा."

एका दालनात गाजलेला खटला चालू होता, मुंगी शिरायला जागा नव्हती. शिष्याचे पाय तिकडे वळले. गुरुजी मात्र शेजारच्या ओस दालनात शिरले आणि शेवटच्या बाकावर बसले.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात हौसाबाई नावाची स्वयंपाकीण उभी होती. चोरीचा आळ घेऊन मालकाने मारले, अशी तिची फिर्याद होती. तिच्या सोबतीला कोणीच आले नव्हते. मालकाचे वकील पिंजऱ्याला खेटून, हलक्या आवाजात तिला काही विचारत होते. शिष्याच्या कानावर 'तुझा नवरा' एवढेच आले. बाईचा चेहरा पडला. ती गप्पच झाली. आज ती अशीच गप्प राहिली, तर फिर्याद बुडणार हे शिष्यालाही कळत होते.

गुरुजींनी कानामागे हात धरला आणि ते पुढे वाकले. न्यायाधीशांचे लक्ष गेले. "वकीलसाहेब, जरा मोठ्याने विचारा. मागे लोक बसले आहेत."

वकिलांनी वळून पाहिले, घसा खाकरला. मघाचा प्रश्न काही मोठ्याने तोंडातून निघेना. "राहू द्या, साहेब. दुसरा विचारतो." दुसरा प्रश्न सभ्य होता. हौसाबाईने मान वर केली आणि मागच्या बाकाकडे बघत घडले ते सगळे सांगितले.

बाहेर व्हरांड्यात तिने हात जोडले. "कोण कुठले तुम्ही, पण लई आधार वाटला बघा." गुरुजींनीही हात जोडले.

वाटेत शिष्याने मोठ्याने विचारले, "गुरुजी, आपल्याला काय ऐकू आलं?"

"एक अक्षर नाही. अरे, एकट्या माणसाला हळूच काहीही विचारता येतं. चारचौघांसमोर तेच विचारताना जीभ अडखळते. तरुणपणी मी त्या पिंजऱ्यात उभा होतो, तेव्हा मागे एक अनोळखी आजी बसून होत्या. त्यांना बघून मला बोलता आलं. त्यांचे आभार मानायचे राहून गेले. कोर्टाचं दार कोणीतरी आपल्यासाठी उघडं ठेवलंय, तर आपण आत जाऊन बसावं."

पुढच्या आठवड्यात गुरुजींचे गुडघे दुखत होते, म्हणून शिष्य एकटाच गेला. एक ओस दालन शोधून शेवटच्या बाकावर बसला. त्याचे कान चांगले तिखट होते. तरीही त्याने कानामागे हात धरला.