स्टिअरिंगवरची चिंधी

“हवा हाय. पेट्रोल हाय. ठिणगी हाय. आणि काय पाहिजे इंजिनाला, उस्ताद?”

दस्तगीर उस्ताद बशीतला चहा फुंकत होते.

मिरजेच्या बाहेर, नदीकडं जाणाऱ्या रस्त्याला उस्तादांचं गॅरेज. गॅरेज म्हणजे एक चिंच, तिच्याखाली पत्र्याचं छप्पर आणि एक बाकडं. उस्ताद आता थकले आहेत. नवी कामं घेत नाहीत. पण त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं गावोगाव आहेत.

समोर उभा होता तो धनपाल मगदूम, त्यांचाच चेला.

धनपालचं पुण्यात मोठं गॅरेज आहे. गाडीला वायर जोडायची आणि पडद्यावर दुखणं वाचायचं, अशी यंत्रं आहेत त्याच्याकडं. दुसऱ्यांनी सोडून दिलेल्या गाड्या त्याच्याकडं येतात. विचारलं नाही तरी तो हे सांगतो.

आज मात्र त्यानंच हात टेकले होते. तेही बापाच्या जुन्या फियाटपुढं. ट्रॅक्टरला दोर बांधून त्यानं ती गावाहून इथवर ओढत आणली होती.

“परत सांग,” उस्ताद म्हणाले.

धनपालनं खिशातल्या पुडीतला भडंगाचा बकाणा भरला. सकाळपासून त्याच्या पोटात दुसरं काही नव्हतं.

“प्लग नवे टाकले. पॉइंट नवे. बॅटरी नवी. कार्बोरेटर उतरवून धुतला. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून ताजं घातलं. सेल्फ मारला की इंजिन फिरतंय, एकदा भडकतंय आणि बसतंय. उठायला बघतंय, उस्ताद... पण कुणीतरी खांदा दाबून धरल्यासारखं करतंय.”

“मग?”

“मग काय! इंजिनच बदलतो. पुण्यास्नं निघालंय, उद्या पोचंल. तुमच्याकडं आणली ती आपली शेवटचा उपाय म्हणून.”

“आवाज?”

“नव्या इंजिनाचा आवाज झकास असतोय की.”

“झकास असंल. तुझ्या आईला ओळखू येईल काय तो?”

धनपाल खायचा थांबला.

उस्तादांना त्या घरातलं सगळं ठाऊक होतं. धनपालचे वडील, भूपाल अण्णा, नदीपलीकडच्या गावांतून मिरजेच्या दवाखान्यांत पेशंट आणायचे. जाता-येता गॅरेजपाशी गाडी थांबायची. कधी चहा व्हायचा, कधी घाई असली तर नुसता हात वर व्हायचा. इकडून उस्तादांचाही व्हायचा.

मगदूमांचं घर जैन. अण्णा धर्माचे पक्के, दिवस मावळला की पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचे नाहीत. त्यामुळं परतीच्या गाडीवर घरातली चूल चालायची. ओढ्याच्या वळणावर फियाटचा आवाज आला की आई पिठात पाणी घालायची. गाडी दारात उभी राहीतो तव्यावर भाकरी फुगलेली असायची. ज्या दिवशी गाडीला उशीर व्हायचा, त्या दिवशी अण्णा उपाशी झोपायचे, आणि आईही.

अण्णा पावसाळ्याच्या तोंडाला गाडी घरी उभी करून ऑपरेशनला म्हणून गेले. ते आलेच नाहीत.

आई अजून रोज दिवस कलला की चुलीपुढं बसते. परातीत पीठ काढते. पाण्याचा तांब्या शेजारी ठेवते. कान ओढ्याकडं... दिवस मावळला की पीठ परत डब्यात घालते आणि उठते. संध्याकाळचं जेवणच तिनं सोडलं आहे. सुनेनं समजावलं, शेजारणींनी समजावलं, पाठशाळेच्या ताईंनी समजावलं. ती सगळ्यांचं ऐकून घेते आणि दुसऱ्या दिवशी तशीच बसते. आता उठताना तिला भिंत धरावी लागते.

धनपालला ते बघवत नाही. तो येतो, औषधं ठेवतो, डॉक्टरशी बोलतो आणि दिवस कलायच्या आत पुण्याची वाट धरतो. रस्त्यात कुठंतरी ढाब्यावर जेवतो.

गेल्या खेपेला आईनं त्याला दारात अडवलं होतं.

“एवढ्या लोकांच्या गाड्या चालू करतोस. आपली तेवढी चालू कर की रे. एकदा ऐकू दे मला.”

म्हणून हा खटाटोप.

उस्ताद गुडघ्यावर हात देऊन उठले. धनपालनं पुढं होऊन बॉनेट उघडलं आणि बाजूला सरला.

उस्तादांनी बॉनेटकडं बघितलंसुद्धा नाही. ते गाडीला वळसा घालून गेले, दार उघडलं आणि ड्रायव्हरच्या जागी बसले.

बराच वेळ नुसते बसले.

धनपालला राग आला. म्हाताऱ्यापुढं बोलता येईना, म्हणून त्यानं आणखी एक बकाणा भरला.

“हे काय?” उस्तादांनी विचारलं.

स्टिअरिंगच्या आडव्या दांडीला एक चिंधी बांधलेली होती. पांढऱ्या कापडाची, कडेला तांबडा काठ.

“राहू द्या, उस्ताद. हात लावू नका तिला.”

आवाज जरा चढला होता. त्याचं त्यालाच ते जाणवलं.

“अण्णांनी बांधलीया. त्यांच्या खांद्यावरच्या पंच्याची हाय. मी गाडी आतनं सगळी पुसून काढली, सीटचं कव्हर बदललं, पण तिला हात लावला न्हाई. गाठसुद्धा त्यांच्याच हातची... आठवण म्हणून ठेवलीया.”

उस्तादांनी गाठीवरून अंगठा फिरवला.

“धनपाल, उसाचा हंगाम संपला की कारखान्याच्या गाड्या आपल्याकडं उभ्या असायच्या. आठवतंय?”

“आठवतंय की.”

“पावसाळाभर उभ्या. त्यांना काय काय करायचास तू?”

“बॅटऱ्या काढायचो. जॅक लावून खाली लाकडं द्यायचो. रेडिएटर रिकामा...”

“आणि?”

“आणि काय, ताडपत्री...”

“त्याच्या आधी.”

धनपालची नजर स्टिअरिंगवरच्या चिंधीवर गेली.

फडातले उंदीर उभ्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये शिरून घरं करायचे. म्हणून उस्तादांच्या गॅरेजात नेम होता. गाडी उभी करायची तर सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबायचा, छत्रीच्या टोकानं आत ढकलायचा, आणि त्याच कापडाची एक चिंधी फाडून स्टिअरिंगला बांधायची. जो कुणी पहिल्यांदा गाडीत बसेल त्याला कळावं. बोळा निघाला की मग चिंधी सुटायची. धनपालनं या हातानं कितीतरी बांधल्या होत्या, कितीतरी सोडल्या होत्या. पुण्यात गाड्या उभ्याच राहत नाहीत. तिथं हा नेम कुणाला माहीत नव्हता, आणि हळूहळू त्यालाही राहिला नव्हता.

अण्णा मात्र बाकड्यावर चहा पिता पिता बघत बसायचे.

“आठवण म्हणून ठेवलीस,” उस्ताद हळूच म्हणाले. “निरोप होता तो.”

चिंचेचा पाला गाडीच्या टपावर पडत होता.

मग धनपाल एकदम मागं धावला. गुडघ्यावर बसून त्यानं सायलेन्सरमध्ये डोकावलं. नळीत काळोख होता. तो तार शोधायला उठला.

“थांब,” उस्तादांनी आतून हाक दिली. “आधी तळवा लाव तिथं.”

त्यानं तळवा नळीच्या तोंडाशी धरला. उस्तादांनी सेल्फ मारला. इंजिन फिरलं, एकदा भडकलं, बसलं.

“काय लागतंय हाताला?”

“काय न्हाई.”

“नीट बघ.”

पुन्हा सेल्फ. पुन्हा तेच.

“काहीच लागत न्हाई, उस्ताद.”

“आत जाणारं सगळं सांगितलंस मला. हवा, पेट्रोल, ठिणगी. बाहेर जाणाऱ्याचं कुणी विचारायचं?”

धनपालनं तार शोधून आणली, तिच्या टोकाला आकडा वळवला आणि ती नळीत घातली. पहिल्यांदा नुसती काजळी आली. मग काहीतरी अडकलं. बोळा सहजासहजी निघेना. अण्णांनी काम मनापासून केलं होतं. अखेर तो इंचाइंचानं सरकला आणि एकदम हातात आला.

अर्धा पंचा. आतलं टोक काळंकुट्ट, बाहेरचं तसंच पांढरं, तांबड्या काठाचं.

धनपालनं तो नाकाशी नेला. काजळीचा वास आला, पेट्रोलचा आला. अण्णांचा काही आला नाही.

“परत येऊन काढणार होते,” तो म्हणाला. “उस्ताद, अण्णा परत येऊन हे काढणार होते...”

आणि तिथंच मातीत बसून तो रडायला लागला.

अण्णा गेले तेव्हा सगळं त्यानंच निभावलं होतं. गाडी ठरवणं, पाहुण्यांना कळवणं, आईला धरणं. तेव्हा लोक म्हणाले होते, पोरगा खंबीर आहे. आज त्याला धरायला कुणी नव्हतं आणि त्याला कुणाला धरायचं नव्हतं. पन्नाशीला टेकलेला माणूस, लहान पोरासारखा हमसून हमसून रडला.

उस्ताद जवळ आले नाहीत. त्यांनी पुढं जाऊन बॉनेट तेवढं बंद केलं.

बऱ्याच वेळानं म्हणाले, “मार आता सेल्फ.”

धनपालनं तोंड पुसलं, तसा काजळीचा पट्टा गालभर ओढला गेला. तो आत बसला आणि त्यानं सेल्फ मारला.

इंजिन खोकलं. मागून काळा धूर फसकन बाहेर आला. आणि गाडी चालू झाली.

तोच आवाज. एका लयीत चालता चालता मध्येच एक ठोका गाळायचा आणि पुन्हा पकडायचा. अण्णांनी ती खोड कधी काढू दिली नव्हती. म्हणायचे, घरच्यांना तीच ओळखीची आहे.

उस्ताद रस्त्याकडं तोंड करून उभे होते. त्यांचा उजवा हात खांद्यापर्यंत वर गेला. मग त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी तो खाली घेतला.

“चिंधी सोड,” ते म्हणाले.

“राहू द्या की. एवढीशी चिंधी ती.”

“पुढं कोण बसला तर बोळा हुडकत बसंल बिचारा. नेम म्हणजे नेम.”

गाठ घट्ट होती. धनपालची नखं गाठीत शिरेनात. कापून टाकता आली असती, पक्कड शेजारीच पडली होती. त्यानं ती उचलली नाही. वाकून दातानं ओढ दिली, मग बोटांनी एकेक पीळ उलगडला. स्टिअरिंगवर चिंधी होती तेवढी जागा काळी, नवी कोरी दिसायला लागली.

दिवस अजून कासराभर होता. नदीपलीकडं उसाच्या शेंड्यांवर पिवळं ऊन पडलं होतं. आता निघालं तर दिवस मावळायच्या आत गाडी ओढ्याच्या वळणावर पोचत होती.

पण धनपाल गिअर टाकेना. त्यानं खिशातली भडंगाची पुडी काढून डॅशबोर्डवर ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली.

“उस्ताद...”

“हं.”

“आवाज ऐकला की ती पिठात पाणी घालणार.”

“घालंल की.”

“भाकरी टाकणार.”

“टाकंल.”

“आणि गाडीतनं उतरणार मी. ती माझ्या मागं बघंल, उस्ताद. आणखी कोण उतरतंय का म्हणून बघंल... तवा तापलेला, भाकरी फुगलेली. अन् अण्णा न्हाईत. मग मी काय करू?”

उस्तादांनी त्याच्याकडं बघितलं. इंजिन चालूच होतं, मध्येच एक ठोका गाळत होतं.

खिडकीतून हात घालून त्यांनी डॅशबोर्डवरची पुडी उचलली आणि आपल्या खिशात टाकली.

“वाटेत काही खाऊ नकोस.”