सुरू झालेला संगणक

एकदा एक संगणक-दुरुस्ती शिकणारी तरुणी अगदी रडकुंडीला आली होती. ऊर्मिला तिचे नाव. तालुक्याच्या गावी कानांची तपासणी करणारे एक केंद्र होते. तेथील यंत्र एका जुन्या संगणकाशीच जुळत असे, नव्याशी नाही. म्हणून त्या बिचाऱ्याला निवृत्ती नव्हती. हल्ली तपासणी निम्म्यावर आली की तो बंद पडे.

त्या दिवशी दूरच्या वाडीवरून एक बाई आपल्या लहान मुलीला घेऊन आली होती. मागच्या खेपेला तपासणी अर्धवट राहिली होती आणि त्यापायी मुलीचे श्रवणयंत्र अडले होते.

ऊर्मिलाने सकाळपासून धूळ झटकली, मेमरी काढून पुन्हा बसवली, केबली बदलल्या, वीजपुरवठ्याचा डबाही बदलला. दर वेळी झाकण लावायचे, बटण दाबायचे आणि कपाळाला हात लावायचा! आता तर तो सुरूच होईना.

"मेल्या, सकाळी निदान सुरू तरी होत होतास!" वैतागून तिने त्याला एक धपाटा घातला. आणि काय आश्चर्य, पडदा उजळला.

"झाला! आणा हो मुलीला!"

इतका वेळ बाकावर स्वस्थ बसलेले तिचे वृद्ध गुरू, खांबेटे सर, उठले आणि त्यांनी भिंतीवरचे बटण बंद केले.

मुलीची आई उसळली, "अहो आजोबा, काय केलंत हे! चालू झाला होता ना!"

"झाला होता, बाई. पण का झाला, ते आम्हाला ठाऊक नाही." मग ते ऊर्मिलाकडे वळले. "झाकण काढ आणि काढलेलंच राहू दे. लागेल तेवढंच जोड. एका वेळी एकच बदल कर, आणि केलास की बघ."

ती दातओठ खात कामाला लागली. मेमरीची पट्टी एका टोकाला वर राहिली होती. ती तिनेच घाईत तशी बसवली होती! ती नीट दाबून वीज लावताच संगणक सुरू झाला. मग तिचे लक्ष प्रोसेसरवरच्या पंख्याकडे गेले. तो अडखळत फिरला आणि थांबला.

"सर, पंखा अडतोय म्हणून हा तापून बंद पडतोय!"

अडगळीतल्या एका संगणकाचा पंखा काढून तिने बसवला.

सर म्हणाले, "मूळ दोष पंख्याचा. दुसरा तुझ्या त्राग्याने आणला. धपाट्याने तुझा दोष झाकला गेला, पंख्याचा तसाच राहिला असता आणि ही पोर पुन्हा अर्ध्यावरून उठली असती. वैताग मलाही येतो गं. पण वैतागलेल्या माणसाला दोष फक्त नाहीसा व्हायला हवा असतो, समजायला नको असतो. असा दोष परत येतो, आणि येताना आपली सोय पाहत नाही."

तपासणी पूर्ण झाली. निघताना आईने धास्तावून विचारले, "ताई, पुन्हा बंद नाही ना पडणार?"

"जुना आहे, पडेलही," ऊर्मिला म्हणाली. "पण आता मी आधी बघेन, मग हात लावेन."