आवट्यांची छत्री

पैज मी घेतली, तीही कुसुमआत्याला न विचारता.

आत्याचं बार्शीत टॅक्सचं ऑफिस होतं. गिऱ्हाइकांच्या जुन्या फायली फळ्यांवर रंगीत फडक्यांत बांधलेल्या असायच्या आणि सगळीकडे डांबरगोळ्यांचा वास. आता सगळं कॉम्प्युटरात गेलं, पण मला तो वास अजून आठवतो. आत्याचा एक नियम होता. कोणी फाईल घरी नेली, तर तिच्या जागी आपली एक वस्तू ठेवून जायची.

एकदा तेलगिरणीवाले आवटे सगळ्यांसमोर गरजले, "कुसुमताई, माझी जुनी फाईल हरवलीत तुम्ही! बाजारभर सांगतो, मग बघू इथं कोण पाय ठेवतंय."

आत्याचा चेहरा उतरला.

"आणि सापडली तर?" मी मध्येच तोंड घातलं.

"तर हे सगळे गठ्ठे मी स्वतः माळ्यावर चढवीन! चहा संपायच्या आत काढ, पोरी."

मी शिडीवर चढले. आवट्यांच्या खणात फाईल नव्हतीच. मग हाताला काहीतरी लागलं आणि मला हसूच फुटलं. खाली येऊन ते मी त्यांच्यासमोर फाडकन उघडलं. काळी छत्री, कापडावर पांढऱ्या रंगात हे मोठं नाव: भ. रा. आवटे.

"ही काय फाईल आहे?"

"नाही काका. पण आमच्याकडं काही हरवत नाही. तुम्ही विसरलेलंसुद्धा आम्ही जपून ठेवतो."

आवटे कप खाली ठेवून हळूच म्हणाले, "फाईल मीच नेली होती, कुसुमताई. आणि या छत्रीपायी मी जावयावर आळ घेतला हो!"