ठकीचं घर आणि गुणाजीचा रंग

एका गावात एक भोळा गुणाजी होता. गाव घाटावरचं की घाटाखालचं, हे आता मला नक्की आठवत नाही. गोष्ट लहानपणी दोन मावश्यांकडून ऐकली, आणि दोघींचं एकमेकींशी पटत नसे. त्यामुळे काही मागेपुढे झालं असेल तर ती चूक माझी समजावी. गुणाजी भोळा होता, यावर मात्र दोघींचं एकमत होतं.

गुणाजी बहिणीकडे राहायचा. बहिणीला तो अक्का म्हणे. अक्काची मुलगी शेवंती. शेवंतीच्या बाहुल्याचं लग्न ठरलं होतं, शेजारच्या बकुळाच्या ठकीशी. ठकी म्हणजे लाकडी बाहुली. तिला हात नव्हते, पण नाक चांगलं ठसठशीत होतं आणि बकुळाला त्या नाकाचा फार अभिमान होता.

बकुळाने अट घातली.

"मुलगा पसंत आहे. पण घर कोऱ्या लाकडाचं! रंग दिलात तर ठकी देईन. नाहीतर वरच्या आळीतला बाहुला मागणी घालून बसलाय."

शेवंतीला जेवण जाईना. बाहुल्याचं घर तसं छान होतं. सुताराने करून दिलेलं, हातभर उंच, माडीचं. फक्त रंग नव्हता.

"मामा, रंग आणशील?"

"आणतो की!"

गुणाजी दुकानात गेला.

"घराला रंग द्या."

"घर केवढं?"

"माडीचं. खाली ओसरी, माजघर, स्वयंपाकघर. वर दोन खोल्या. खिडक्या चारी बाजूंनी."

"घरात कार्य आहे वाटतं?"

"हो तर. सून यायची आहे."

दुकानदाराने भले मोठे डबे बैलगाडीत चढवून दिले. पिवळे, हिरवे, गुलाबी. अक्काने कपाळावर हात मारला.

"अरे, एवढ्यात देऊळ रंगून निघेल! बाहुलीचं आहे म्हणून सांगायचं नाही?"

"पुढच्या वेळी सांगतो."

"आणि हा ढीगभर रंग संपवणार कोण?"

गुणाजीने विचार केला. "मी," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अक्काने त्याला वाण्याकडे धाडलं. लग्नाला आळीतली सगळी पोरं जेवायला येणार होती. त्यांच्या पंगतीला तांदूळ हवे होते. गुणाजीला कालचं पक्कं आठवत होतं.

"बाहुलीच्या लग्नाचे तांदूळ द्या."

वाणी हसला आणि त्याने रिकाम्या काडेपेटीत तांदूळ भरून दिले. गुणाजीने ते दोन्ही हातांनी सांभाळून घरी आणले. वाटेत एक दाणा सांडला, तो शोधायला परत गेला.

मग त्याने रंग द्यायला घेतला. पिवळा लावला, लाकूड प्यायलं. पुन्हा लावला, पुन्हा प्यायलं. कुठे पिवळं, कुठे कोरं. घर आजारी दिसायला लागलं. शेवंती रडकुंडीला आली. गुणाजी सखोबा रंगाऱ्याकडे गेला.

"अस्तर लावलंस का?" सखोबाने विचारलं.

"ते काय असतं?"

"अरे माणसा, रंगाच्या आधी अस्तर. लाकडाला पांढरं, लोखंडाला लाल. अस्तराशिवाय रंग बसत नाही. कशावरच बसत नाही."

"कशावरच?"

"कशावरच."

गुणाजीने हे घोकत घोकत घर गाठलं. लाकडाला पांढरं अस्तर लावलं. पण घराला खिळे होते, आणि खिळे लोखंडाचे. मग एकेका खिळ्यावर लाल ठिपका दिला.

"घराला गोवर आला," अक्का म्हणाली.

लग्नाला अवकाश होता, पण शेवंतीला धीर नव्हता. त्याच दुपारी बाहुल्याला हळद लागायची होती. शेवंतीने हळदीची वाटी मामाच्या हातात दिली आणि ती वाजंत्री ठरवायला गेली. परत येऊन बघते तर नवरा डोक्यापासून पायापर्यंत पांढराफटक.

"मामा, हे काय केलंस?"

"हळदीचा रंग बसायला हवा ना, बाळ?"

"नवरा घाबरलाय," हळदीला आलेली बकुळा म्हणाली. "आत्ताच सांगा, तब्येत बरी आहे ना त्याची?"

गुणाजी पुन्हा सखोबाकडे गेला. या वेळी सखोबाने सगळं एकदम सांगून टाकलं, म्हणजे हा परत यायला नको.

"हे बघ. रंग लावला की वाळेपर्यंत हात लावायचा नाही, कुणाला लावू द्यायचा नाही. वाळला की पुढचा थर. कुठे काही अडायला लागलं, तर जे अडतं ते पॉलिशपेपराने घासायचं, जरा जरा, अडायचं थांबेपर्यंत. आणि घासून झालं की वरून एक थर द्यायचाच. आलं ध्यानात?"

"आलं."

सगळं ध्यानात आलं होतं, हीच तर पंचाईत.

शेवंती ओढ्यात घसरून पडली आणि निथळत घरी आली. अक्का टॉवेल घेऊन धावली. गुणाजी काठी घेऊन मध्ये उभा राहिला.

"हात लावायचा नाही! वाळू दे आधी."

"अरे, पोर कुडकुडतेय!"

"मी रंगाऱ्याला विचारून आलोय, अक्का."

तेवढं सोडलं तर त्याचं काम मन लावून चाललं होतं. पिवळा थर दिला. वाळला. हिरवा दिला. वाळला. गुलाबी दिला. घर असं झळकायला लागलं की वरच्या आळीतली पोरंसुद्धा बघून गेली. शेवंती दोन घास जास्त जेवली. बकुळाने घराभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "ठीक आहे. देते ठकी."

इथे थांबायला हरकत नव्हती. पण किती थर द्यायचे, हे सखोबाने सांगितलं नव्हतं. वाळला की पुढचा थर, एवढंच सांगितलं होतं. आणि रंग तर संपवायचा होता. गुणाजी लग्नाच्या दिवसापर्यंत पुढचा थर देत राहिला. खिडक्या बारीक झाल्या. मग डोळे मिटावेत तशा मिटल्या. घर अंगाने भरलं. दाराची फट राहिली.

लग्न थाटात झालं. अक्काने शेजाऱ्यांकडून तांदूळ आणून पंगत उठवली. मग वरात घराशी आली. काडेपेटीतल्या तांदळांचं माप उंबऱ्यावर ठेवलं. बकुळाने ठकीचा पाय मापाला लावला, तांदूळ आत सांडले, आणि ठकीला आत सरकवलं.

ठकी आत जाईना.

तिरकी केली. जाईना. उताणी केली. नाक अडलं.

वाजंत्री थांबली. बकुळाचा चेहरा लाल झाला.

"आमची मुलगी बाहेर उभी ठेवता? परत नेते मी तिला!"

शेवंतीने मामाचा सदरा ओढला. "मामा, काहीतरी कर ना!"

"काय अडतंय?" गुणाजीने विचारलं.

"ठकी अडतेय!"

"मग सोपं आहे," गुणाजी म्हणाला. त्याने ठकी उचलली, खिशातून पॉलिशपेपर काढला आणि कुणाला कळायच्या आत घासायला लागला. जरा जरा, अडायचं थांबेपर्यंत. आधी नाक गेलं. मग गाल गेले. मग खांदे. ठकी सुळकन आत गेली.

बकुळाने टाहो फोडला. "माझी ठकी! तिचं नाक! बाहेर काढा तिला! लग्न मोडलं!"

अक्का धावत आली. "गुण्या, काढ ती बाहुली बाहेर!"

पण गुणाजी पाठमोरा बसून काहीतरी करत होता. घासून झालं की वरून एक थर द्यायचाच, हे त्याला पाठ होतं. डब्यात तळाशी उरलेला सगळा गुलाबी रंग त्याने दारावरून फिरवला होता. फट बुजली. ठकी आत. नवरा बाहेर.

बकुळा घरावर झेपावली. गुणाजीने काठी आडवी धरली.

"हात लावायचा नाही. ओलं आहे."

"आणि वाळल्यावर?" अक्काने दात ओठ खात विचारलं.

"वाळल्यावर पुढचा थर, अक्का. तेवढा रंग मात्र आणावा लागेल."

ही गोष्ट मावश्यांनी पोरांना हसवायला रचली असावी, अशी माझी समजूत होती. पुढे कितीतरी वर्षांनी एका लग्नात शेवंतीची नात भेटली आणि मला घरी घेऊन गेली. कपाटावर एक गुलाबी ठोकळा होता. त्याला दार नव्हतं, खिडकी नव्हती. शेजारी एक पांढराफटक बाहुला ठोकळ्याकडे तोंड करून उभा होता. मी तिच्याकडे दोनदा परवानगी मागितली, मग बोट लावून पाहिलं. रंग वाळला होता. ठोकळा कानाशी धरून हळूच हलवला. आत लाकूड खुडखुडलं, आणि त्याच्याबरोबर तांदूळ.