मानाचं पहिलं पाणी

एका गावात तुळाजी नावाचा शेतकरी होता. घर साधं, शेती बेताची, पण पोळ्याच्या दिवशी गावात त्याच्याएवढा मोठा माणूस दुसरा नसे. वेशीजवळच्या दगडी हौदावर पहिलं पाणी त्याच्या जोडीने प्यायचं, मग गावातल्या बाकीच्या बैलांनी, अशी तिथली रीत. त्याची जोडी एखाद्या वर्षी कोणत्याही कारणाने हौदावर आली नाही, तर मान कायमचा त्याच्या भाऊबंदाकडे, हैबतीकडे जायचा. हैबती त्यासाठी टपूनच बसलेला. तुळाजीचा बैल कधी लंगडतो आणि आपलं नशीब कधी उघडतं, याची तो दर पोळ्याला वाट बघायचा.

त्या वर्षी नदीपलीकडच्या गावांत लाळ्या-खुरकूत शिरली. जनावरांच्या तोंडात फोड येत, लाळ गळे, खुरांत जखमा होत. वासरं दगावली, पोसलेले बैल जागचे उठेनात. मग जनावरांच्या डॉक्टरीणबाई या गावात आल्या. त्यांनी गोठ्यागोठ्यात जाऊन लस टोचली आणि देवळासमोर सगळ्यांना बसवून समजावलं. लस अंगी लागायला काही आठवडे जातील, तोवर डोळ्यांत तेल घालून जपा. ज्याच्या गोठ्यात लाळ दिसेल त्याने ताबडतोब सांगायचं. मग गावातलं एकही जनावर दाराबाहेर काढायचं नाही, एका पाण्यावर तर न्यायचंच नाही. पोळासुद्धा नाही. गावाने बेलभंडार उचलून शपथ घेतली. पहिला हात अर्थातच तुळाजीचा. पुढे व्हायचं म्हटलं की तो कधी मागे राहिला नव्हता.

पोळ्याच्या सकाळी तो गोठ्यात गेला, तर बाशिंग्या वैरणीला तोंड लावत नव्हता. हा त्याच्या जोडीतला लाडका बैल. त्याच्या ओठांवरून लाळेची तार लोंबत होती. तुळाजीने जबडा उघडून पाहिलं, जिभेवर फोड होता.

त्याची बायको पारूबाई दारात उभी होती. गावाला सांगून या, एवढंच ती म्हणाली. वैरणीत काटा आला असेल, तोच रुतला, असं तुळाजी लाळ पुसत, बाहेर कुणी आहे का बघत पुटपुटला.

"काटा असता तर तुम्ही लाळ पुसून बाहेर बघितलं नसतं," पारूबाई म्हणाली.

पण मानाची हाव वाईट. बाहेर वाजंत्री सुरू झाली आणि तुळाजीला हैबतीचा चेहरा दिसू लागला. त्याने तुरटीच्या पाण्याने बैलाचं तोंड धुतलं, शिंगांना बेगड लावली, पाठीवर झूल टाकली. तोंडावर गोंड्यांची मोरकी अशी बांधली, की ओठ दिसू नयेत. सजलेला बाशिंग्या इतका देखणा दिसत होता, की तुळाजीला स्वतःचाच राग आला. तरीही त्याने कासरा धरला.

मिरवणूक निघाली. तुळाजी घडोघडी उपरण्याने बैलाचं तोंड पुसत होता. बघणाऱ्यांना वाटलं, काय हे बैलावरचं प्रेम. त्याच्या अगदी मागे येसू होती, चुलतभावाची विधवा. तिचा एकच बैल. दुसऱ्याच्या बैलाशी सावड करून ती शेत नांगरायची. तो बैल बसला तर तिचं रान पडीक राहणार, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. आज बैल बाहेर काढायला तिचा जीव धजत नव्हता.

"पर तुमची जोडी वेशीत दिसली आन् भ्या गेलं बघा, भावजी," ती म्हणाली. "तुम्ही पयला हात घातलाय बेलभंडाराला."

तुळाजीने पुन्हा उपरण्याने बैलाचं तोंड पुसलं.

हौद आला. काठोकाठ भरलेला. बाशिंग्याचं तोंड आतून पेटलेलं, त्याने पाण्याकडे मुसंडी मारली. तुळाजीने कासरा आखडून धरला. त्याने मागे वळून पाहिलं. गावातले सगळे बैल ओळीने उभे होते, सगळे तहानलेले. हैबती डोळे बारीक करून बघत होता. कासरा हातात करकचत होता, आणि गोंड्यांतून लाळेची तार खाली उतरू लागली होती.

तुळाजी बैल आणि हौद यांच्या मध्ये जाऊन उभा राहिला.

"कुणी पाणी लावू नका," तो म्हणाला. "माझ्या बाशिंग्याला लाळ सुटलीया. सकाळपास्नं मला ठावं हाय."

वाजंत्री थांबली. लोक चवताळले, आणि त्यांचं काही चुकलं नाही. एक-दोघे तर हात उगारून पुढे आले. त्यांना हैबतीनेच अडवलं. भांडण नंतर करू, आधी जनावरं पांगवा, असं ओरडत त्याने पहिल्यांदा स्वतःची जोडी मागे वळवली. ओळ मोडली. ज्याचा त्याचा बैल ज्याच्या त्याच्या गोठ्यात गेला.

एका पाण्यावर आले नाहीत म्हणून गावातले बहुतेक बैल वाचले. तुळाजीची जोडी मात्र बसली, आणि मिरवणुकीत मागोमाग चाललेला येसूचा बैलही बसला. तुळाजी रोज तिच्या दारी जाऊन त्या बैलाची खुरं धुऊ लागला. बैल उठला, पण रब्बीची पेरणी हुकली. येसू त्याच्याशी अक्षरही बोलली नाही.

पुढच्या पोळ्याला मान हैबतीचा होता. हौदावर येणाऱ्या प्रत्येक बैलाचं तोंड आधी तपासायचं, असं गावाने ठरवलं. तपासणार कोण, यावर चर्चा चालली होती. तेव्हा मागून येसू बोलली.

"तुळाजी भावजींना हुबं करा. लाळ कशी लपिवत्यात, ते त्यांच्याइतकं कुणाला ठावं हाय?"

कुणी हसलं नाही. तुळाजी मान खाली घालून हौदापाशी गेला आणि त्याने पहिल्यांदा हैबतीच्या बैलाचा जबडा उघडला.

तात्पर्य: आपल्या गोठ्यातला रोग लपवला की तो साऱ्या गावाचा होतो. म्हणून मान गेला तरी खरं वेळेवर सांगावं. उशिरा सांगितलेलं खरं गावाला वाचवतं, पण शेजाऱ्याचं झालेलं नुकसान भरून देत नाही.