जावईबापूंचं परदेशी दुकान

पंचगंगेच्या काठच्या एका गावात एक भोळा जावई होता. भोळा हा सासुरवाडीचा शब्द. बाकीचं गाव दुसरा शब्द वापरायचं, पण तो जावयासमोर उच्चारायची आपल्याकडे रीत नाही. जावयाचं नाव हणमंत, सासऱ्याचं नाव बापूसो सातपुते. बापूसोंचा चपलांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, सहा कारागीर आणि हमरस्त्याकडे तोंड केलेलं दुकान. चप्पल अस्सल, हाताने शिवलेली, चालताना करकर वाजणारी.

मग हमरस्ता गावाबाहेरून गेला. गिऱ्हाईकही गावाबाहेरून जाऊ लागलं आणि बापूसो दुकानात माशा मारत बसू लागले. दुकान चाललं नाही तर शेडला कुलूप लागणार आणि सहा घरांत चूल पेटायची पंचाईत होणार, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. मुलगा नव्हता, एकुलती एक मुलगी वैजयंता. तेव्हा बापूसोंनी एक शहाणपणा केला. लेकीला आणि जावयाला घरी आणून ठेवलं, आणि जावयाच्या हातून इंटरनेटवर दुकान उघडलं. आता चपला परदेशात विकायच्या.

हणमंतच का? तर त्याच्याकडे कॉम्प्युटर कोर्सचं सर्टिफिकेट होतं, काचेच्या फ्रेममध्ये लावलेलं. लग्न ठरवताना बापूसोंनी ती काच स्वतःच्या धोतराने पुसून बघितली होती. मुलाचं डोकं बघायचं तेवढं राहून गेलं.

हणमंतात एक गुण मात्र होता. सांगितलेलं तो कधी विसरायचा नाही. गाढवाच्याही अंगी एखादा गुण असतो, त्याला आपण काय करणार.

पहिली ऑर्डर अमेरिकेतून आली. एक जोड. पैसे आले तीस. वेबसाइट करून देणाऱ्याने परदेशासाठी किमती डॉलरमध्ये घातल्या होत्या, पण हणमंताला आकड्यापुढचं चिन्ह म्हणजे नक्षी वाटली. तो विचारात पडला. जोड अडीच हजारांचा आणि माणसाने तीस पाठवलेत. परदेशी असला तरी ऐपत बेताची दिसते. तीस रुपयांत काय येतं? चपलेवरचा लाल गोंडा येतो. हणमंताने एक चांगला टपोरा गोंडा निवडला, खोक्यात घातला आणि अमेरिकेला पाठवून दिला. गोंड्याचे तीस, पाठवायचे अठराशे.

आठवड्याने गिऱ्हाइकाची मेल आली. वस्तू सुंदर आहे, पण पायात कशी घालायची ते कळवावं.

वैजयंताने मेल वाचून दाखवली तेव्हा बापूसोंच्या कानशिलांना घाम फुटला. दुसरा कुणी असता तर त्याच्या सात पिढ्या त्यांनी उद्धरल्या असत्या. पण हा पडला जावई. जावयाला चूक म्हणायचं नाही, ही आपल्या लोकांची जुनी खोड. बापूसोंनी घोटभर चहा घेतला आणि तोंडावर हसू आणलं.

“पावनं, चुकलं आसं मी म्हणत न्हाई,” ते म्हणाले. “पर एक डॉलर म्हंजे आपलं पंच्याऐंशी रुपयं. परदेशातनं कुठलाबी आकडा आला, की आदी पंच्याऐंशीनं गुणायचं.”

“आलं ध्यानात, मामा,” हणमंत म्हणाला.

आलंच होतं. लगेच पुढची ऑर्डर कॅनडाहून आली. पैसे तीस. हणमंताने पंच्याऐंशीने गुणले, अडीच हजारांच्या वर गेले, बरोबर. खाली पायाचं माप लिहिलं होतं, नऊ. हाही आकडाच आणि आलेला परदेशातून. हणमंताने तोही गुणला आणि शेडमध्ये जाऊन भैरूला सांगितलं, “सातशे पासष्ट नंबरचा एक जोड काढा.”

भैरू हा थोरला कारागीर. तीस वर्षं चप्पल शिवत होता, नऊ नंबरचा पाय आणि सातशे पासष्ट नंबरचा पाय यातला फरक त्याला कळत होता. पण मालक लग्नाला सांगलीला गेलेले आणि सांगणारा मालकाचा जावई. त्यात भैरू मजुरी घेणार कातडं किती लागलं त्यावर. तो कशाला विचारतोय. चार अखंड कातडी गेली. चपलेचे कान सुपाएवढे झाले आणि वेणी घालायला दोन माणसं समोरासमोर बसली. पार्सलवाला मोटरसायकलवर आला होता. तो परत जाऊन टेम्पो घेऊन आला.

कॅनडाच्या माणसाने फोटो पाठवला. एका चपलेत त्याचा कुत्रा झोपला होता आणि दुसऱ्या चपलेत त्याची दोन मुलं बसली होती. मुलं खूश आहेत, पण माझे पैसे परत करा, असं त्याने लिहिलं होतं.

टेम्पोचं आणि विमानाचं बिल बघून बापूसो अंगणात जाऊन दोन चकरा मारून आले. मग हसू आणलं.

“पावनं, चुकलं आसं मी म्हणत न्हाई. पर माप गुणायचं नसतंय. गिऱ्हाइकाकडनं त्याच्या पायाचा फोटू मागवायचा, आन् फोटूत दिसंल तस्संच करायचं. आपली अक्कल त्यात घालायची न्हाई.”

“आलं ध्यानात, मामा.”

अक्कल न घालण्याची सूचना हणमंताला फार सोपी गेली. ऑस्ट्रेलियातल्या एका बाईंनी पायाचा फोटो पाठवला. हणमंताने मोबाइलवर पट्टी ठेवली. पाय बरोबर तीन इंच लांब. फोटोत पाय एकच होता, म्हणून चप्पल एकच. अंगठ्याला निळं नेलपॉलिश होतं, म्हणून चपलेचा अंगठा निळ्या रंगात बुडवून काढला. भैरूने चष्मा लावून ती चप्पल शिवली आणि या वेळी मजुरी नगावर घेतली.

बाईंनी कळवलं की वस्तूला त्यांनी घराच्या किल्ल्या अडकवल्या आहेत, वस्तू मजबूत आहे. पण मला चालायचं होतं, तेव्हा पैसे परत करा.

बापूसोंनी कमरेची किल्ल्यांची जुडी काढून चाचपली. शेजारी वैजयंता पदर तोंडाला लावून उभी होती. ती हसत होती की रडत होती हे बापाने विचारलं नाही.

“पावनं, चुकलं आसं मी म्हणत न्हाई. पर चप्पल कधी एकटी जाती काय? समोरच्यानं एक म्हटलं तरी आपन दोन समजायचं. आपल्या धंद्यात एक म्हंजे जोड. आता दोगांचं पैसं तेवढं परत करून टाका.”

“आलं ध्यानात, मामा.”

कॅनडाच्या माणसाने पैसे एकदा मागितले होते. हणमंताने दोनदा पाठवले, एकदा परतीच्या बटनातून आणि एकदा बँकेतून. ऑस्ट्रेलियाच्या बाईंनाही दोनदा. जोड. दोघांनी मनापासून आभार मानले. जादाचे आलेत, परत घ्या, असं दोघांपैकी कुणी म्हटलं नाही. माणसं तिकडचीही शेवटी माणसंच.

आता मात्र बापूसोंचा आवाज जरा चढला. आतून सासूबाईंनी खाकरून आठवण करून दिली आणि तो पुन्हा उतरला.

“पावनं, चुकलं आसं... ऱ्हाऊ दे. नीट ऐका. पैशाचा येव्हार अंदाजानं न्हाई करायचा. माल ज्या कागदाबरूबर गेला तो कागद काढायचा. कागदावर जेवढी किंमत लिवलीय तेवढंच पैसं आपलं. त्याच्या वर एक पैसा आला तरी तो आपला न्हवं. ध्यानात आलं?”

“आलं, मामा.”

सल्ला चांगला होता. बापूसोंचे सगळे सल्ले चांगले होते. वाईट एवढंच, की ते देताना ते समोर कोण बसलंय हे दर वेळी विसरायचे.

आणि मग नशीब उघडलं. जर्मनीत दुकान असलेल्या उर्सुलाबाईंची ऑर्डर आली. दोनशे जोड, सगळ्या मापांचे, सगळे पैसे आधी. पाच हजार सहाशे युरो. बाईंची एकच अट होती, चपला करकर वाजता कामा नयेत, त्यांच्याकडचे लोक दचकतात. भैरूला हा अपमान वाटला. चप्पल वाजली नाही तर माणूस आलाय हे कळणार कसं? पण बापूसो म्हणाले, त्यांच्या गावात ते कसेही येऊ देत, आपल्याला काय.

पैसे दुकानाच्या ऑनलाइन खात्यात येऊन पडले. माल पोचला की ते बापूसोंच्या बँकेत उतरणार होते. तोवर कातडं, दोरा, मजुरी सगळं पदरचं घालायचं होतं. बापूसोंनी घरात होतं नव्हतं ते घातलं. ठेव मोडली. सहाही कारागिरांनी दोन महिने पाठ सरळ केली नाही. ही ऑर्डर नीट गेली तर उर्सुलाबाई दर हंगामाला माल घेणार होत्या आणि शेड उभी राहणार होती. नाही गेली तर कुलूप. त्यामुळे प्रत्येक जोड बापूसोंनी स्वतः बघितला, प्रत्येक खोकं स्वतः बांधलं. जावयाला त्यांनी खोक्यांपासून चार हात लांब बसवलं होतं.

इथवर सगळं ठीक होतं. पण कुठल्याशा बारशाला बापूसोंच्या कानावर पडलं, की परदेशी मालावर तिकडे जकात बसते आणि भेट म्हणून लिहिलं तर बसत नाही. आता ती जकात भरणार होत्या उर्सुलाबाई. त्या भरायला तयार होत्या. बापूसोंच्या खिशातून छदाम जाणार नव्हता. पण फुकटात हुशारी दाखवायला मिळत असेल तर ती कोण सोडतो?

“लिवा, पावनं,” बापूसो म्हणाले. “चप्पल. भेट. किंमत शून्य.”

हणमंताने पेन उचललं. “भेट, मामा?”

“भेट.”

“दोनशे जोड?”

“दोनशे असूंद्यात न्हाईतर दोन हजार. भेट ती भेट. लिवा.”

“शून्य?”

“शून्यच.”

“आलं ध्यानात, मामा.” हणमंताने कागदावर सुवाच्य अक्षरात तसं लिहिलं. अक्षर त्याचं खरंच चांगलं होतं. खोकी गेली. विमानात बसली, जर्मनीत उतरली, उर्सुलाबाईंच्या दुकानात पोचली. तिकडच्या जकातवाल्यांनीही डोळे मिटून घेतले असावेत. एक जोड कमी नाही, एक टाका उसवलेला नाही.

ज्या दिवशी उर्सुलाबाईंची मेल आली त्या दिवशी बापूसो पुढच्या हंगामाचं कातडं बघायला कोल्हापूरला गेले होते. वैजयंता दळणाला गेली होती. हणमंताने मेल एकट्याने वाचली. बाईंनी लिहिलं होतं: माल पोचला, फार सुंदर आहे, अजिबात वाजत नाही. फक्त एक शंका आहे. मी पाच हजार सहाशे युरो दिले आणि तुमच्या कागदावर भेट, किंमत शून्य असं आहे. यातलं खरं काय ते कळवा, मला इथल्या जकातीच्या हापिसात सांगावं लागेल.

हणमंताने कागद काढला. कागदावर शून्य होतं. खात्यात पाच हजार सहाशे होते. मामांनी बजावलं होतं, कागदावर जेवढं तेवढंच आपलं. आणि भेटीचे पैसे घ्यायचे म्हणजे काय? उद्या ही बाई जर्मनीभर सांगत सुटेल की सातपुत्यांनी भेट दिली आणि वर पैसे ठेवून घेतले. घराण्याची अब्रू गेली असती. आपण घरात होतो म्हणून वाचली, असं वाटून हणमंताला सासऱ्याबद्दल उमाळा दाटून आला.

संध्याकाळी बापूसो परतले ते पेढ्यांचा पुडा घेऊन. माल पोचल्याचं त्यांना वाटेतच कळलं होतं. कारागीर शेडच्या दारात येऊन उभे राहिले. बापूसोंनी पहिला पेढा जावयाच्या हातावर ठेवला, दुसरा भैरूच्या. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या तोंडावर आपोआप हसू आलं होतं.

“पावनं, पैसं बँकेत उतरलं?”

“न्हाई, मामा. परत केलं.”

“काय परत केलं?”

“पैसं. कागदावर शून्य हाय न्हवं. भेटीचं पैसं घेत्यात व्हय? मी बाईस्नी तसं कळवलं. त्यांचं उत्तर बी आलं. म्हनत्यात, भारतातली मान्सं लई मोठ्या मनाची.”

भैरूने हातातला पेढा हळूच पुड्यात परत ठेवला. बापूसोंनी बोलायला तोंड उघडलं, पण चुकलं म्हणावं की म्हणू नये, या नेहमीच्या घोळात शब्दच बाहेर येईना.

“किती परत केलासा?” शेवटी त्यांनी विचारलं. वेडी आशा असते माणसाला.

“सगळं. पाच हजार सहाशे.” हणमंताने पेढा तोंडात टाकला. “पर मामा, शून्यावर संपनारी रक्कम कुनाच्या हातावर ठेवत्यात व्हय? आपल्यात आहेराच्या पाकिटात घालताना वर एक घालत्यात. म्हणून मी पाच हजार सहाशे एक केलं. परतीच्या बटनात तो ज्यादाचा एक बसंना. मग कातड्यासाठी तुमी सही करून ठेवल्याला कोरा चेक हुता न्हवं कपाटात, तो घिऊन बँकेत गेलो आन् एक युरो निराळा धाडला. तुमच्याच नावानं.”

तो एक युरो जर्मनीला पाठवायचा बँकेचा आकार साडेतेराशे रुपये झाला. युरो वजा जाता बापूसोंच्या खात्यात नेमके तेवढेच उरले होते.